भोरचं आभारप्रदर्शन, मुक्काम न्यू जर्सी

भोरात एखादं साठी उलटलेलं जोडपं पंधरा दिवस नीरेच्या पुलावर फिरायला दिसलं नाही, तर पूर्वी लोक दबक्या आवाजात चौकशी करायचे. आता सरळ विचारतात, "मुलाकडे की मुलीकडे?" म्हणजे अमेरिकेत पाळणा कोणाच्या घरी हलला. मुलीकडे असेल तर पहिले सहा महिने यांचे, मुलाकडे असेल तर पुढचे सहा. व्हिसा दहा वर्षांचा मिळतो, पण एका खेपेला मुक्काम बहुधा सहाच महिन्यांचा. त्यामुळे दोन्ही व्याह्यांनी मिळून बाळाचं पहिलं वर्ष भरून काढायचं, असा अलिखित करार असतो. एक विहीणबाई न्यूअर्कच्या विमानतळावर उतरतात, त्याच आठवड्यात दुसऱ्या चढतात. मधल्या दोन-चार दिवसांत चार्ज देणं-घेणं होतं. हिंग कुठल्या डब्यात, बाळ कुठल्या कुशीवर झोपतं, डिशवॉशरमध्ये काय घालायचं नाही, आणि सूनबाईंपुढे कुठला विषय काढायचा नाही. शेवटचा मुद्दा तोंडी सांगतात. बाकीचे फ्रिजवर चिकटवलेले असतात.

आमच्या शेजारचे गुरुजी आणि वहिनी २०२४ च्या ऑगस्टअखेर गेले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत परत आले. गुरुजींची सगळी नोकरी वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या सावलीत झाली. त्या तालुक्याला आता सरकारदरबारी राजगड म्हणतात. गुरुजी सहीपुरतं राजगड लिहितात आणि बोलताना वेल्हंच म्हणतात. मुलगा न्यू जर्सीत संगणकाच्या नोकरीत, नातू तिथल्या बालवर्गात, नात सहा महिन्यांची. पुढे जे सांगणार आहे ते गुरुजींनी पुलावरून फिरताना मला सांगितलं. गुरुजींच्या सांगण्यातून चौथा हिस्सा वजा करायचा असतो आणि तेवढाच वहिनींच्या सांगण्यातून घालायचा असतो. तो हिशेब करूनच लिहितो आहे.

भोर-वेल्ह्याचा माणूस परगावी निघाला की पिशवीत आधी तांदूळ जातो. पुण्याला मुलीकडे जाताना पाच किलो इंद्रायणी न नेणारी आई आमच्याकडे अजून जन्मायची आहे. पण अमेरिकेचा नियम आडवा आला. ज्या देशांत खापरा भुंगेरा नावाची धान्यातली कीड आहे, तिथून प्रवाशाने तांदूळ आणायचा नाही, आणि त्या यादीत आपण आहोत. वहिनींना तांदूळ राहिल्याचं दुःख कमी होतं. आपल्या तांदळात भुंगेरे आहेत हे कोणीतरी परस्पर ठरवलं, याचा संताप जास्त. "माझ्या कणगीत येऊन बघा म्हणावं!" अखेर भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बाळगुटीची पुरचुंडी आणि सहाण एवढ्यावर भागवलं. तिथल्या तपासनिसाने सहाण हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"स्टोन?"

"स्टोन," वहिनी म्हणाल्या. "फॉर बेबी."

बाळाला दगड कशाला लागतो, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

खरी अमेरिका त्यांना भेटली ती बसच्या थांब्यावर. बालवर्गातल्या मुलाला न्यायला-आणायला मोठं माणूस हवंच. संध्याकाळी घरचं कोणी दिसलं नाही तर चालक मुलाला खाली उतरवत नाही. पिवळी बस थांबते, तिच्या कुशीतून लाल पाटी बाहेर येते आणि दोन्ही बाजूंची वाहनं जागच्या जागी उभी राहतात. हॉर्न नाही, आरडाओरडा नाही. जे हयातभर गाडीसाठी थांबायचं एवढंच शिकले होते, त्या गुरुजींना पाच वर्षांच्या पोरासाठी सगळ्या गाड्या थांबलेल्या पाहून पहिल्या दिवशी सलाम करावासा वाटला. दुसऱ्या दिवशी केलाच. चालकबाईंनीही केला. मग तो रिवाजच पडला.

त्या थांब्याची चावडी झाली होती. एक तेलुगू ताता, एक गुजराती बा, सदैव पाठीमागे हात बांधून उभ्या राहणाऱ्या चिनी आजी, आणि या सगळ्या पिकल्या केसांत विशीतली एक मुलगी. ती कोलंबियाची. वहिनींनी आधी तिला मुलांची मावशी ठरवलं, मग ताई, मग जरा संशयाने धाकटी सून. शेवटी कळलं की ती 'ओ पेर' आहे. म्हणजे परक्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची आणि त्या बदल्यात देश बघायचा, भाषा शिकायची. अमेरिकेने ही योजना १९८६ साली सुरू केली. मुलगी अठरा ते सव्वीस वर्षांची हवी. व्हिसा निराळा, सांस्कृतिक देवाणघेवाणीचा. दिवसाला दहा आणि आठवड्याला ४५ तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, महिन्यातून एकदा अख्खा शनिवार-रविवार मोकळा, वर्षाला दोन आठवडे पगारी रजा, स्वतंत्र खोली, शिक्षणासाठी घरमालकाकडून ५०० डॉलरपर्यंत मदत. आणि हातात आठवड्याला किमान १९५.७५ डॉलर.

वहिनी हे सगळं ऐकत होत्या तेव्हा त्यांच्या कडेवर नात होती, खांद्यावर नातवाचं दप्तर होतं आणि घरी कुकर लावायचा होता.

१९५.७५ हा आकडा गुरुजींना स्वस्थ बसू देईना. पंचाहत्तर सेंट कुठून आले? संध्याकाळी त्यांनी नातवाच्या चित्रकलेच्या वहीवर गणित मांडलं आणि सोडवलं. केंद्र सरकारचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, पंचेचाळीसने गुणा, ३२६.२५. त्यातून राहण्या-जेवणाचे चाळीस टक्के वजा. राहिले १९५.७५. शिक्षकाला उत्तर ताळ्यावर आल्याचा जो आनंद होतो, तो घेऊन ते स्वयंपाकघरात गेले.

"म्हणजे जेवणाचे कापून घेतात होय?" वहिनींनी विचारलं.

"कापतात."

"मग स्वयंपाक कोण करतं?"

"घरची मंडळी. तिने फक्त मुलांपुरतं करायचं."

वहिनी पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. "इथे जेवणही मीच करायचं, आणि खोली नातवाची. रात्री त्याच्या डायनासोरच्या उशीवर झोपते मी. माझे चाळीस टक्के कशाचे कापणार?"

याला उत्तर नव्हतं. वहिनींचे पंचेचाळीस तास बुधवारी दुपारीच भरत. शनिवार-रविवार तर कामाचे दिवस, कारण त्या दिवशी मुलगा आणि सून घरी असत. आणि सगळ्यावर कडी म्हणजे त्यांच्या व्हिसावर काम करायला मनाईच आहे. त्या अधिकृतपणे सहा महिने सहल करत होत्या. भांडी घासताना हे आठवलं की त्यांना हसू येई.

वहिनींचं इंग्रजी पाचपन्नास शब्दांचं, त्या मुलीचं त्याच्या चौपट; पण दोघींचं जमलं, कारण दोघीही सावकाश बोलत आणि क्रियापदं गाळत. दोघींनाही घरातल्या थर्मोस्टॅटला हात लावायची मनाई होती. दोघींचीही आई लांब होती. एकीची बोगोटाला, दुसरीची फोटोत. मुलीने एकदा घरून मक्याच्या पिठाचे अरेपा करून आणले. वहिनींनी तुकडा मोडला, हुंगला आणि निकाल दिला, "भाकरीच की. जरा जाड थापलीय."

ऑक्टोबर लागला आणि घरोघरी दारात भोपळे आले. एक नाही, चार-चार, पायऱ्यांवर रचलेले. वहिनी पहिले काही दिवस खुश होत्या. मग अस्वस्थ झाल्या. इतके भोपळे, आणि एकाही घरातून वास नाही! नंतर नातवाचा भोपळा कोरायचा कार्यक्रम झाला. सूनबाईंनी आतला गर कचऱ्याच्या पिशवीकडे वळवला, तसा वहिनींनी मध्येच पातेल्यात झेलला. भोपळ्याला डोळे आणि दात पाडून तो आठवडाभर उंबऱ्याबाहेर कुजायला ठेवणं हा कुठला सण, असं त्यांनी कोणालाच उद्देशून विचारलं आणि घारगे करायला घेतले. पण कोरायचा भोपळा पाणचट आणि दोरे-दोरे असलेला. खाण्याची जात वेगळी असते. गूळ घातला, कणीक मळता मळता भोपळ्याचं पाणीच सुटत गेलं, कणीक वाढवावी लागली. घारगे फुगले चांगले, चव कणकेची आली. "दिसायलाच भोपळा," असा त्यांनी अमेरिकेविषयी पहिला जाहीर अभिप्राय दिला.

गुरुजींनी हॅलोविनचा निराळा अर्थ लावला. आपल्या पितरांचा पंधरवडा २ ऑक्टोबरला सर्वपित्रीने संपला. यांचे पितर महिनाभर उशिरा येतात आणि चॉकलेटवर भागवून घेतात. वडे-खीर करायला नको, कावळ्याची वाट पाहायला नको. सुटसुटीत.

पण त्या वर्षी पंचांगाने गंमत केली. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन शुक्रवारी, १ नोव्हेंबरला होतं. अमावास्या आपल्याकडे ३१ ऑक्टोबरच्या दुपारी चारच्या सुमाराला लागली. तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेसहा वाजायचे होते. आपली अमावास्या १ तारखेच्या संध्याकाळी संपली, तेव्हा तिकडे नुकती न्याहारी चालली होती. म्हणजे तिथल्या माणसाला अमावास्येची संध्याकाळ मिळणार ती ३१ ऑक्टोबरचीच. भोरहून गुरुजींच्या धाकट्या भावाचा फोन, "दादा, तुम्ही एक दिवस आधी कशी काय लक्ष्मी बसवताय?" गुरुजींनी त्याला अर्धा तास रेखांश समजावला. भाऊ म्हणाला, "ते खरं, पण लक्ष्मीला माहीत पाहिजे ना." असो. तर पहाटे अंधारात अभ्यंगस्नान, आणि संध्याकाळी एकाच मुहूर्तावर लक्ष्मी आणि भुतं.

दार उघडं ठेवायचं होतं लक्ष्मीसाठी. रांगोळी काढलेली, पणत्या लावलेल्या, वहिनी पैठणी नेसून नथ घालून पुढे. आणि पहिला पाहुणा आला तो सांगाडा. त्याच्यामागे चेटकीण, तिच्यामागे दोन स्पायडरमॅन आणि एक केळं. सगळ्यांनी पिशव्या पुढे केल्या. चेटकिणीच्या आईने वहिनींना आपादमस्तक न्याहाळलं आणि त्यांचा पोशाख आजच्या दिवसात सर्वांत सुंदर असल्याचं सांगितलं. वहिनी लाजल्या. धोतर-उपरण्यातले गुरुजी मागून डोकावले, तर केळ्याने विचारलं, "तू कोण झालायस?"

"आजोबा," गुरुजी म्हणाले.

"कूल," केळं म्हणालं.

वहिनींच्या हातात परातभर करंज्या, शंकरपाळे आणि चिवडा होता. तेवढ्यात सूनबाईंनी हात धरला. बाहेरच्या मुलांना घरी केलेलं काही द्यायचं नाही; त्यांचे आईबाप टाकून देतात. द्यायचं ते कंपनीच्या वेष्टनातलं. आपल्या हातची करंजी धोकादायक आणि कारखान्यातला चिकट गोळा सुरक्षित, हा नियम वहिनींना आजही उमगलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. ऐन दिवाळीत, करंज्यांची परात मागे आणि विकतची चॉकलेटं पुढे, अशा त्या तासभर उभ्या राहिल्या. मग कोलंबियाची मुलगी आपल्या ताब्यातली दोन भुतं घेऊन आली. तिने नियमाला न जुमानता करंजी उचलली. "एम्पनाडा!" ती आनंदाने ओरडली. तिच्याकडे ही अशीच असते. आत फक्त मांस. वहिनींनी करंजीकडे एकदा निरखून पाहिलं आणि आणखी तीन तिच्या हातावर ठेवल्या.

आरतीच्या वेळी धुपाने छताचा धुराचा भोंगा बोंबलू लागला. टाळ आणायचे राहिले होते, ती उणीव भरून निघाली.

नोव्हेंबरात शाळेतून चिठ्ठी आली: गरजूंसाठी डबाबंद अन्न पाठवा. गुरुजी ते डबे घेऊन जवळच्या चर्चच्या तळघरातल्या धान्यकोठीवर गेले. तिथे पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या, ताठ. त्यांनी विचारलं, "मदत कराल?" नाही म्हणण्याजोगं इंग्रजी ऐनवेळी सुचलं नाही, म्हणून गुरुजी हो म्हणाले. त्यांची सेवाभावी कारकीर्द अशी सुरू झाली. आधी अर्ज. नाव, जन्मतारीख, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, पन्नास पौंडांचं खोकं उचलता येतं का, काही झाल्यास तक्रार करणार नाही म्हणून सही, आणि टीशर्टचं माप. नोकरी लागतानाही गुरुजींना इतकं विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते वहिनींनाही घेऊन गेले. नातीला घेऊन त्या वेळी सूनबाई घरून काम करत होत्या. हा दीड दिवसाच्या सुट्टीचा पहिला हप्ता होता, आणि तो मिळवताना घरात काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही.

काम सोपं. दान आलेले डबे उघड्या फळ्यांवर लावायचे, तारीख बघायची, मुदत संपलेले बाजूला काढायचे. वहिनींनी परवा मुदत संपलेला वाटाण्याचा डबा चांगल्यात ठेवला. बाईंनी तो काढला. वहिनींनी परत ठेवला. बाईंनी तारखेवर बोट ठेवलं. वहिनींनी डबा कानाशी नेऊन हलवला, दाबून पाहिला, फुगलेला नाही हे दाखवलं. ज्यांच्या फडताळात मुलाच्या दहावीच्या वर्षीचं लिंबाचं लोणचं अजून आहे आणि तापातून उठलेल्या माणसाला औषध म्हणून दिलं जातं, त्यांना परवाच्या तारखेने वाटाणे मरतात हे कसं पटावं? पण बाई हलल्या नाहीत. डबा गेला. वहिनींनी त्या दिवशी रात्री मुलाच्या फ्रिजमधल्या तेरा बाटल्यांवरच्या तारखा वाचल्या, आणि अकरा टाकल्या.

धान्य न्यायला येणारी माणसं गाडीतून येत. दुकानातल्यासारखी ढकलगाडी घेऊन फळ्यांवरून हवं ते निवडत. गुरुजींना आधी राग आला. गाडी दाराशी आणि हात धान्याला! पुढे कळलं की तिथे गाडी नसेल तर कामावरच जाता येत नाही, त्यामुळे माणूस आधी गाडी राखतो, मग पोट. एकदा रांगेत बसथांब्यावरच्या चिनी आजी दिसल्या. पाठीमागे हात बांधलेल्या. गुरुजी चटकन फळीमागे वाकून डबे लावू लागले आणि त्या जाईपर्यंत वर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी थांब्यावर दोघांनी हवेबद्दल बोलणं केलं. म्हणजे दोघांनी वर आभाळाकडे बोट दाखवून मान हलवली.

तिथे शाळकरी पोरंही येत. कॉलेजात जायचं तर समाजसेवेचे तास दाखवावे लागतात. मेरीलँड राज्यात तर ७५ तासांची सेवा भरल्याशिवाय हायस्कूलचा दाखलाच मिळत नाही. गुरुजींना यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, दोन वर्षांत २४० तास, आणि त्यांतले किती तास पोरं झाडाखाली बसून भरतात हे गुरुजींनी स्वतः पाहिलेलं. त्यामुळे मक्याच्या डब्यांआड मोबाइल घेऊन बसलेला एक सोळा वर्षांचा तरुण त्यांनी अचूक हुडकला. कागदावर सही मागायला आला तेव्हा गुरुजींनी मराठीत सांगितलं, "आधी ती खोकी." भाषा कळली नाही, आवाज कळला. खोकी हलली.

त्यावरून पांढऱ्या केसांच्या बाईंचं आणि गुरुजींचं बोलणं झालं. गुरुजींनी त्यांना इर्जिक सांगितलं. आषाढात वेल्ह्याकडे भातलावणी आली की आज याच्या खाचरात दहा घरची माणसं, उद्या त्याच्या. चिखलात दिवसभर वाकायचं, ज्याचं शेत त्याने जेवण घालायचं, पैसा कोणी कोणाला देत नाही. बाई भारावल्या. मग त्यांनी व्यवहाराचं विचारलं: तासांची नोंद कोण ठेवतं?

"कोणीच नाही."

"मग एखादा आलाच नाही तर?"

"पुढच्या वर्षी त्याच्या शेतात कोणी जात नाही," गुरुजी म्हणाले. "आणि त्याच्या मुलाच्या लग्नापर्यंत ते सगळ्यांच्या लक्षात राहतं."

बाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आमचा अर्ज बरा."

आता थँक्सगिव्हिंग. त्या वर्षी तो २८ नोव्हेंबरला होता. मुलाच्या ऑफिसातल्या वरिष्ठांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. गुरुजी तयारीशिवाय वर्गात कधी गेले नाहीत. त्यांनी १८६३ चा लिंकनचा जाहीरनामा पाठ केला, नोव्हेंबरातला चौथा गुरुवार हा कायदा १९४१ चा, हेही टिपून घेतलं. टेबलाच्या मध्यभागी टर्की, खरपूस, वाफाळती. माळकरी घरातल्या वहिनींची खुर्ची नेमकी तिच्यासमोर. त्यांनी पुढ्यातली फुलदाणी दोन इंच सरकवून आड घेतली आणि मॅश केलेल्या बटाट्यावर लक्ष केंद्रित केलं.

मग यजमानीणबाई म्हणाल्या, जेवणापूर्वी प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं की आपण कशाबद्दल आभारी आहोत. एक म्हणाला कुटुंबाबद्दल. दुसरी म्हणाली तब्येतीबद्दल. एक लहान मुलगा म्हणाला कुत्र्याबद्दल. पाळी गुरुजींची आली आणि ते उभे राहिले.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. गुरुजींनी उभ्या नोकरीत दर वर्षीच्या स्नेहसंमेलनात, पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, कोणाच्याही निरोपसमारंभात आभारप्रदर्शनच केलेलं आहे. प्रास्ताविक मुख्याध्यापक करतात, भाषण पाहुणे करतात, आभार गुरुजी. लोक चपला शोधत असताना बोलायची त्यांना सवय. अशा माणसाला आयुष्यात प्रथमच, आभार मानण्याच्या राष्ट्रीय सणाला, हलू न शकणारा श्रोतृवर्ग मिळाला होता.

त्यांनी अध्यक्षमहोदयांपासून सुरुवात केली. अध्यक्ष म्हणजे लिंकन. मग यजमान, यजमानीण, त्यांचे मातापिता. बटाटे ज्या शेतकऱ्याने पिकवले तो. विजेचा प्रवाह अखंडित ठेवणारे कर्मचारी. ज्यांनी खुर्च्यांची व्यवस्था केली ते. त्या यजमानांच्याच होत्या. मुलगा शेजारी बसून भाषांतर करत होता आणि त्याच्या भाषांतराची लांबी दर वाक्यागणिक कमी होत होती. टर्कीवरची वाफ केव्हाच संपली. ज्ञात-अज्ञात हातांचा उल्लेख झाला. आणि शेवटी, दोन्ही हात जोडून, गुरुजींनी ते वाक्य उच्चारलं ज्यावर आमच्याकडे हमखास टाळ्या पडतात: या सर्वांचे आभार मानून मोकळं होण्यापेक्षा त्यांच्या ऋणात राहणंच आम्ही पसंत करू.

मुलाने तेवढं मात्र जसंच्या तसं भाषांतर केलं. टेबलाभोवती शांतता पसरली. पाहुण्याने वीस मिनिटं बोलून, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, थँक्स द्यायला नकार दिला होता. कुत्र्याबद्दल आभारी असलेल्या मुलाने तेवढ्यात विचारलं, "आता खायचं?" आणि सर्वांनी त्याचे मनापासून आभार मानले.

नाताळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दिवे बघायला गाडीतून फिरवलं, थंडी वाजली. वहिनींना आवडली ती एकच चाल: भेटवस्तूसोबत दुकानाची पावती देतात, नको असेल तर बदलून घ्या. आमच्याकडे लग्नात आलेले खण आणि टॉवेल-टोप्या वर्षानुवर्षं भोर ते वेल्हे फिरत राहतात आणि कधीतरी मूळ मालकाकडे परत येतात. त्याला कागदोपत्री मान्यता मिळालेली पाहून त्यांना बरं वाटलं. संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं. वाण म्हणून सव्वा डॉलरवाल्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या डब्या लुटल्या. कोलंबियाची मुलगी आली, कुंकू लावून घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि याला इतके कडक दात का लागतात, असं विचारलं. २० जानेवारीला मार्टिन ल्यूथर किंग यांचा दिवस होता. त्या सुट्टीला सेवेचा दिवस म्हणतात; माणसं सुट्टी घेऊन कामाला जातात. गुरुजी-वहिनी डोक्याला जाळी आणि हाताला मोजे घालून निवाऱ्यातल्या लोकांसाठी सँडविचं करायला गेले. किंग १९५९ साली भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात राहिले होते, हे गुरुजींनी शेजारच्या माणसाला सांगितलं. पांढऱ्या केसांच्या बाई लांबूनच घड्याळ दाखवत्या झाल्या. त्यांनी थँक्सगिव्हिंगचं ऐकलं होतं.

परत आल्यावर गुरुजींच्या अंगात तो हिरवा टीशर्ट होता, छातीवर इंग्रजीत 'स्वयंसेवक'. भोरच्या बाजारात त्यांनी तो घालून कोथिंबीर घेतली. तेवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण त्यांनी ठरवलं, दर रविवारी सकाळी नीरेच्या घाटावरचा कचरा उचलायचा. अर्ज नाही, तास नाहीत, ज्याला यायचं त्याने यावं. पहिल्या रविवारी ते, मी, आणि भाकरीच्या आशेने आलेलं एक कुत्रं एवढेच होतो. दोन पोती भरली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, एक अख्खी गादी. येणारेजाणारे थांबून बघत होते. अखेर एकाने गाडी उभी केली, जवळ येऊन हळूच विचारलं, "गुरुजी, कुठल्या वॉर्डातून?"

"कसला वॉर्ड?"

"नाही, आम्हाला आधी कळलं तर बरं."

राज्यभरच्या रखडलेल्या पालिका निवडणुकांची चर्चा तेव्हा नुकती सुरू झालेली. आठवडाभरात गुरुजी कोणत्या पक्षाकडून उभे राहणार यावर तीन मतं झाली. एक इच्छुक घरी येऊन नारळ आणि शाल देऊन गेले, म्हणाले, "आमच्या वॉर्डात नसाल तर आमचा पूर्ण पाठिंबा." दुसऱ्या रविवारी तेच इच्छुक घाटावर हजर झाले, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, बरोबर फोटोवाला आणि नव्या कोऱ्या खराट्यांची मोळी. फोटो झाले. खराटे मोजून परत गाडीत गेले. त्यांच्याबरोबर आलेली दहा-बारा पोरं मात्र रेंगाळली. त्यांतला एक पुढे झाला.

"गुरुजी, नाष्टा कुठंय?"

वहिनी पोह्यांचं पातेलं घेऊन पायऱ्या उतरतच होत्या. गुरुजींनी त्यांना वरच्याच पायरीवर थांबवलं, पोरांच्या हातात एकेक रिकामं पोतं दिलं आणि ज्या आवाजात न्यू जर्सीत मक्याची खोकी हलवली होती त्याच आवाजात म्हणाले, "आधी ती गादी."